अंगावरचं मांस आणि गळ्यातला दोरा

घरात कुणी वाळत चाललं असेल, तर त्याच्या ताटात काय पडतंय ते नंतर बघा. आधी तो कुणाकुणावर संशय घेतोय ते बघा. मी बायकोवर घेतला, पाठच्या भावावर घेतला, हकिमावर, डॉक्टरवर, घाण्यावर आणि शेवटी देवाच्या दोऱ्यावर घेतला. एवढे गुन्हेगार बाहेर सापडल्यावर पोटातला चोर कोण शोधत बसतो?

परवा आमच्या गल्लीतल्या एका कर्त्या माणसाला कॅन्सर निघाला. त्यानं बायकोच्या हातचं जेवण बंद केलंय. ती बाई आमच्याकडं येऊन रडली. आमची गौरा तिला म्हणाली, "रडू नगं बाई. आमच्या ह्यांनी बी हेच केलं हुतं. ह्यांनाच लिहून द्याया सांगते, तुझ्या मालकांना वाचू दे." म्हणून हे लिहायला बसलो. डॉक्टरकी मला कळत नाही. जे माझ्यावरून गेलं, तेवढंच सांगतो.

खाल्लेलं जातं कुठं?

आमचं घर लिंगायत तेल्याचं. गाव नळदुर्गाच्या जवळ, निजामाच्या राज्यात. शाळेत उर्दू शिकलो, घरात कानडी ऐकली, बाजारात मराठी बोललो. दारातच लाकडी घाणा. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तो मी आणि धाकटा भाऊ शिवा असे दोघं चालवत होतो. शिवाचं लग्न व्हायचं होतं. मी अंगानं दांडगा. मान अशी की सदऱ्याचं माप घेताना शिंपी हसायचा.

स्वभाव संशयी. लपवत नाही. तेलाच्या धंद्यात भोळा माणूस टिकत नाही. करडई आणणारा माणूस पोत्याच्या तळाला खडे घालतो, म्हणून मी पोतं उघडलं की पहिल्यांदा तळाशी हात घालायचो. पुढं तर पाहुणा आला तरी माझा हात त्याच्या बोलण्याच्या तळाशी जायला लागला. अप्पा म्हणायचे, "नागप्पा, तू देवाला बी फुलं मोजून वाहशील."

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही मात्र निजामाकडंच राहिलो, त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझं अंग उतरायला लागलं. ताप नाही, खोकला नाही. पोटात उजवीकडं कधीतरी ओढ लागायची, तेवढंच. आधी पोट गेलं, त्याचं मला बरंच वाटलं. मग दंड गेले, मग मांड्या. उकिडवा बसलो की उठताना जमिनीला हात टेकायला लागला. लाकडी पाटावर बसलं की खालची हाडं टोचायची. आणि भाकरी, दूध, तूप, सगळं तर चालू होतं.

खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे खाण्यातच काहीतरी असणार. माझा हिशेब सरळ होता.

एक दिवस ताट पुढं आलं आणि मी गौराला म्हणालो, "पहिला घास तू खा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. गौरा आळंदकडची, रोज कानडीत "ऊट माडरी" म्हणून मला जेवायला बसवायची. त्या दिवशी तीच बसली. घास मोडला, कालवला आणि माझ्यासमोर खाल्ला. त्या काळात बाईनं नवऱ्याच्या आधी तोंडात घास घालणं म्हणजे केवढी गोष्ट! शेजारणींना कळलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. मी मात्र ती गिळते का, हे तिच्या गळ्याकडं बघून खात्री करत होतो.

असं रोज चाललं. पुढं माझी भूकही मेली. आमच्याच घाण्याच्या तेलाचा वास आला की मळमळायचं. मी म्हणालो, तेलात भेसळ आहे. गौराचा मात्र चेहरा भरलेला दिसायला लागला, आणि तेही मला खटकलं. एकदा मी तसं बोललो. तेव्हा ती पहिल्यांदा उसळली.

"आवो, एकाच ताटातला घास आपुन दोघं खातोय. माझा मला लागतोय, तुमचा तुमाला लागंना. ह्यात माझ्या हाताचा काय दोस? मी जेवण सोडू का? सांगा, सोडते."

ज्याच्याकडं उत्तर नसतं तो आवाज चढवतो, तसा मी चढवला.

तेल कमी पडतंय

आता घाण्याची गोष्ट सांगतो. घाण्याला एक आडवी फळी असते. बैल ती ओढत गोल फिरतो आणि माणूस त्या फळीवर वजनाला बसतो. जितकं वजन, तितकी लाट, म्हणजे उखळातला उभा लाकडी दांडा, दाबून फिरते, तितकं तेल सुटतं. अप्पा गेल्यापासून फळीवर मीच बसायचो. आमच्या घाण्याचं तेल जास्त निघतं असं लोक म्हणायचे, त्यात अर्धं श्रेय माझ्या बुडाचं होतं.

त्या दिवाळीत तेल कमी निघायला लागलं. करडई तीच, बैल तोच, उखळ तेच. पेंड हातात घेऊन दाबली तर बोटांना तेल लागायचं, म्हणजे तेल पेंडीतच राहत होतं. पण मला ते दिसलं नाही. मला दिसला शिवा, जो तेल भरून ठेवायचा.

"शिव्या, तेल कुठं जातंय?"

"कुठं जाईल अण्णा? हितंच हाय."

"मग कमी का भरतंय?"

शिवानं पेंड उचलून दाबली, मग माझ्या अंगाकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी बैल जुंपायला गेलो, तर फळीवर, माझ्या बसायच्या जागेमागं, एक चांगला वजनदार दगड दोरीनं बांधलेला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "असू द्या. लाट उड्या मारतीया." त्या दिवसापासून तेल पहिल्यासारखं निघालं. कुणाही शहाण्या माणसाला त्या दगडाचा अर्थ कळला असता. मी मात्र असं धरलं की चोर सावध झालाय.

शिवाला घाणा एकट्याला हवाय, ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा पक्की बसली. त्याचं लग्न ठरत होतं. वेगळं व्हायचं असणार. मी आडवा झालो की सगळं त्याचंच होतं. दिवसही तसेच होते. रझाकारांच्या भीतीनं गावातली माणसं एकमेकांशी तोंड बघून बोलत होती. कोण कुणाचं सांगून येईल, नेम नव्हता. सगळं गावच संशयावर जगत होतं, त्यात मी मूळचाच तसला.

गाठी

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. चांदीच्या डबीत लिंग, डबी दोऱ्याला, दोरा गळ्यात. तो अंगावेगळा करायचा नाही. सकाळी अंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, मग पुन्हा डबीत. माझी डबी बरोबर काळजाच्या खळीवर बसायची. अव्वा, म्हणजे आमची आई, सांगायची की लिंग बेंबीखाली उतरू देऊ नये. अप्पांच्या शेवटच्या दुखण्यात ते असेच वाळून वाळून कुबडे झाले होते, आणि भिंतीला टेकून बसले की डबी त्यांच्या मांडीवर यायची. ती डबी मांडीवर टेकलेली बघून अव्वानं हंबरडा फोडला होता. आम्ही दोघं भाऊ तिथंच उभे होतो.

मी घरात आरशात बघणारा माणूस नव्हतो. रोज बघायचो ती डबी. ती खळीवर असायची, म्हणून मी जागच्या जागी आहे असं मला वाटायचं.

शिवा रोज दुपारी माझ्या मानेला आणि पाठीला तेल चोळायचा. मी थकलोय म्हणून त्यानंच सुरू केलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीनं मळतात, ती खांदमळणी. शिवा गमतीनं म्हणायचा, "बैलाची खांदमळणी वरसातनं एकदा, अण्णांची रोज." त्याच्या हाताखाली मला डुलकी लागायची. दिवसातली तेवढी एक वेळ बरी जायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

संक्रांतीनंतर एकदा अंघोळ करताना माझा हात मानेमागं गेला. दोऱ्याला तिथं अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, बांधलेली एकच गाठ होती. बोटांना ती लागली. तिच्या शेजारी आणखी एक लागली. मग आणखी दोन. बारीक, घट्ट, तेलानं फुगलेल्या.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, दोऱ्याला गाठी मारणं म्हणजे करणी. लिंबू, टाचण्या आणि गाठीचा दोरा. आणि हा दोरा तर देवाचा! ज्यानं देवाच्या दोऱ्यात करणी घातली तो केवढा पापी असेल? आणि माझ्या मानेला हात कोणाचा लागतो? एकाचाच.

गाठी सोडवायला गेलो. बोटांत जोर नव्हता. दोरा कापायचं धाडस होईना. मग मी ठरवलं की बोलायचं नाही, बघायचं. रोज सकाळी हात मागं नेऊन चाचपायचं. होळीच्या आधी आणखी एक गाठ आली. मी दुपारी तेल लावून घेणं बंद केलं नाही, कारण चोराला मुद्देमालासकट धरायचा होता. डोळे मिटून जागा राहायचो. पण ती मेली डुलकी लागायचीच.

विष शोधायला

नळदुर्गच्या हकिमानं जिगरची गरमी सांगून गोड अवलेह दिला. तोही मी आधी मांजरीला चाटवला. मांजर गुटगुटीत झाली, मी वाळतच राहिलो. मग शिवा म्हणायला लागला, "अण्णा, सोलापूरला चला. तिथं मोठा दवाखाना हाय."

मी चटकन हो म्हणालो. शिवाला नवल वाटलं, गौरानं देवापुढं ऊद घातला. माझ्या मनातलं त्यांना काय ठाऊक? मला सोलापूरच्या डॉक्टरकडून पोटातलं विष शोधून घ्यायचं होतं. पुरावा मिळाला की दोघांना समोर उभं करायचं. आज मागं वळून बघताना हसू येतं. शहाणपणानं मला दवाखान्यात नेलं नाही, संशयानं नेलं. त्यानं आयुष्यात माझं एवढं एकच भलं केलं.

सोलापूर हिंदुस्थानात, आम्ही निजामात. मधे नाका. शिवानं गाडीत कडबा पसरून वर गोधडी टाकली होती, तरी हाडं खडखडत होती. नाक्यावरच्या शिपायानं गाडी थांबवली, गोधडी उलटली, मग त्याची नजर माझ्या गळ्याकडं गेली.

"डब्बी में क्या है? सोना?"

"देव हाय," मी म्हणालो.

"खोल."

डबी उघडायला मी सदऱ्याचे बंद सोडले. शिपायानं डबीकडं पाहिलंच नाही. तो माझ्या छातीकडं बघत राहिला. मग त्यानं आपल्या हातानं माझा सदरा नीट केला आणि मागच्या माणसाला म्हणाला, "जाने दो मियाँ. इसकू तो हवा बी उडा ले जाती."

ज्यानं सगळ्या जगावर संशय घ्यायचा पगार खायचा, तो माणूस माझ्यावर संशय घेईना. मला त्याचाच राग आला. आणि मग पहिल्यांदा भीती वाटली. शिवा पुढं बघून गाडी हाकत होता, पण त्याचा हात वारंवार डोळ्याकडं जात होता. मी मनात म्हणालो, नाटक बघा.

डॉक्टर काय म्हणाले

डॉक्टर उतारवयाचे, कमी बोलणारे. मी शिवाला बाहेर घालवला, दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मला घरातलं कुणीतरी विष देतंय. शोधून काढा."

ते हसले नाहीत. त्यांनी मला झोपवलं आणि पोट दाबत दाबत उजवीकडं आले. तिथं त्यांचा हात थांबला. तो थांबला तो मला अजून आठवतो. बराच वेळ त्यांनी तिथंच दाबून पाहिलं, मग हात पुसून खुर्चीत बसले.

"विष कुणी देत नाही. आतड्याला गोळा धरलाय. कॅन्सर असावा."

तो शब्द मी ऐकला होता, पण शहरातल्या श्रीमंतांचा रोग म्हणून. मी म्हणालो, "गोळा उजवीकडं हाय म्हणता. मग माझ्या मांड्या कशानं गेल्या? दंड कशानं गेले?"

"तेच त्याचं वाईट काम," ते म्हणाले. "तो नुसता जागा अडवून बसत नाही. सगळ्या शरीराचा कारभार बिघडवतो. भूक मारतो. आणि पोटात अन्न गेलं तरी शरीर अंगचंच मांस मोडून जाळत राहतं. तुमच्या घरच्यांनी तूप-दूध कमी घातलं असेल असं समजू नका. गोळा आहे तोवर कितीही घाला, अंगाला लागायचं नाही."

मला माझा घाणा आठवला. उखळात करडई नसताना बैल फिरत राहिला, तर लाट लाकडालाच घासते आणि उखळ झिजत जातं. बाहेरून बघणाऱ्याला घाणा चालू दिसतो. इतकं मला तिथं बसल्या बसल्या कळलं. पण कळणं आणि पटणं यात फरक असतो. कारण पुढच्याच क्षणी डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि शिवाला आत घेतलं. दार लावलं. शिवा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाले?"

"कापून काढायचं म्हणत्यात."

"आनि?"

"आनि काय न्हाय."

काय न्हाय म्हणजे खूप काही, हे न कळायला मी काय दुधखुळा होतो? त्यांनी त्याला सांगितलं होतं की एवढा वाळलेला माणूस टेबलावरच जाऊ शकतो, पण गोळा काढला नाही तर नक्कीच जाणार. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं की शिवानं कागदावर अंगठा न देता नीट सही केली. मी त्याचाही अर्थ लावला. अर्थ लावण्यात मी कधी मागं पडलो नाही.

"गळ्यातलं काढा"

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग साबुदाण्याची पेज. खाटेवर पाठ टेकली की मणके मोजता यायचे. तिथल्या सिस्टरनं न सांगता माझ्या बुडाखाली घडी घातलेलं कांबळं सारलं. मी तिला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हाडं दुखत असतील, आजोबा." मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती आली आणि म्हणाली, "गळ्यातलं काढून ठेवा."

"ते निघत न्हाय."

"काढावंच लागतं. तिथं असलं काही चालत नाही."

माझ्या डोक्यात सगळे दुवे एकदम जुळले. दोऱ्यात गाठी. सीमेपलीकडचा दवाखाना. दार लावून बोलणं. आणि आता लिंग अंगावेगळं करायचं, म्हणजे माणूस निम्मा मेलाच. मी म्हणालो, "मला घरी जायचंय," आणि उठलो.

म्हणजे उठायला गेलो. स्टुलावर बसलो होतो. मांड्यांनी ऐकलंच नाही. दोनदा जोर केला, दोन्ही वेळा परत तिथंच बसलो. तिसऱ्या वेळी शिवानं काखेत हात घातले, तसा मी त्याचे हात झटकले आणि सगळा वॉर्ड ऐकेल असा ओरडलो.

"शिव्या! माझ्या दोऱ्यात गाठी कुनी मारल्या?"

समोरच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. सिस्टर हातात कापूस धरून तशीच उभी.

"बोल! देवाच्या दोऱ्यात करणी कुनी घातली?"

"म्या," शिवा म्हणाला.

मला वाटलं होतं की तो नाकारेल. नाकारलं असतं तर माझ्याकडं पुढचे प्रश्न तयार होते. हो म्हटल्यावर काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

"का?"

"करणी न्हाय अण्णा. दोरा लांब व्हत हुता."

"दोरा लांब व्हतोय? सुताचा दोरा काय वेल हाय वाढायला?"

"दोरा तेवढाच हाय. तुमी कमी व्हत हुता." त्यानं माझ्या मानेकडं बोट दाखवलं. "मान गेली, खांदे गेले, तसं लिंग खाली खाली सरकाया लागलं. तुमी आरशात बगत न्हाय. लिंगच बगताय. ते खाली उतरलेलं दिसलं असतं तर तुमाला अप्पा आठवले असते. तुमी तिथंच खचला असता. म्हनून तुमाला डुलकी लागली की म्या जरा जरा वर घ्यायचो."

मी म्हणालो, "खोटं बोलतोस. सोड गाठी. माझ्यासमोर सोड."

तो माझ्या मागं बसला. गाठी तेलानं घट्ट झाल्या होत्या, बोटांनी निघेनात. त्यानं मानेशी तोंड आणलं आणि दातांनी एकेक सैल केली. सोडवताना सांगत गेला. "ही दिवाळीतली. ही दगड बांधला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ही संक्रांतीची. ही होळीच्या आधीची." प्रत्येक गाठ सुटली की डबी माझ्या छातीवरून थोडी खाली यायची. खळी सोडली. बरगड्या संपल्या. मी स्टुलावर पोक काढून बसलो होतो. शेवटची गाठ सुटली आणि डबी येऊन माझ्या ओटीपोटाला टेकली.

मी तिच्याकडं बघत राहिलो. अप्पांची तर डबी मांडीवर आली होती. मला चार बोटंच कमी होती.

इतक्या महिन्यांत जे मी ताटात शोधलं, तेलात शोधलं, ते माझ्या समोर लोंबत होतं. मी मरणाला भ्यालो. संशयाच्या मागं लपलेली ती भीती अशी उघडी पडली की मला लहान पोरासारखं रडू फुटलं. शिवाही रडत होता. सिस्टरनं दोघांनाही तोच कापूस दिला.

मग मी म्हणालो, "कापा म्हनावं."

लिंगाचा प्रश्न शिवानंच सोडवला. तो डॉक्टरांना म्हणाला, "आमच्यात लिंग मस्तकावर बी बांधत्यात. ती तर सगळ्यात वरची जागा. पोटापासनं लांब बी हाय." डॉक्टरांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळून डोक्याला बांधायची परवानगी दिली. सिस्टरनं वरून टोपी घातली. टेबलावर नाकातोंडावर गुंगीच्या औषधाची जाळी आली तेव्हा माझा हात डोक्याकडं गेला. डबी होती. मग मला काही कळलं नाही.

परत येणं

शुद्ध आल्यावर पाणी नाही. ओला कापूस ओठांना लावायचे, तेवढाच. त्या ओल्या कापसाएवढं गोड मी आयुष्यात काही चाखलं नाही. बाहेर एप्रिलचं सोलापूर भाजत होतं. गोळा निघाला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत निघाला असं वाटतं, पण वचन देत नाही. वचन न देणारा माणूस मला पहिल्यांदाच विश्वासाचा वाटला.

पहिली पेज आली तेव्हा मी सवयीनं सिस्टरला म्हणालो, "आधी तुमी घ्या." तिनं चमच्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ कमी आहे, बाकी विष वगैरे नाही. खा आता."

गोळा गेला तरी मांस लगेच येत नाही, हे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी ध्यानात ठेवावं. जाताना ते सरसर जातं, येताना पायरी पायरीनं येतं. घरच्यांनी ताटं भरभरून पुढं ठेवू नयेत, आणि खाल्लं नाही म्हणून तोंड पाडू नये. थोडं थोडं, वरचेवर, आणि जमेल तेवढं चालणं. मी आधी खाटेभोवती चाललो, मग दारापर्यंत, गावी आल्यावर घाण्यापर्यंत. फळीवर बसलो तेव्हा दगड मागं होताच. मी शिवाला म्हणालो, "राहू दे." बैल पुढं निघाला, आणि तो दगड पाठीमागं असल्याचा मला आधार वाटला.

गौराचा पहिला घास मी बंद केला. तर ती म्हणते कशी, "आता मलाच सवय लागली. पहिला घास गरम असतो." आणि खाऊन दाखवला. आजही खाते. शेजारणींना म्हणावं काय म्हणायचं ते म्हणा.

पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली. नळदुर्गाकडून फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. लोक रस्त्यावर आले, कुणी गूळ वाटला. मला तो गूळ लागला. म्हणजे गोड लागला. किती दिवसांनी!

ऑपरेशननंतर दोऱ्यात गाठी परत घातल्या होत्या, त्या या खेपेला मला सांगून. डबी खळीवर आणून शिवानं विचारलं होतं, "हितं?" मी म्हणालो होतो, "हितं." त्यानंतर ती गोष्ट मी विसरलो.

दिवाळीच्या तोंडाशी एकदा मी करडईचं पोतं उघडून तळाशी हात घालत होतो. वाकलो, तर दोरा गळ्याला काचला. हात मागं नेला, दोरा ताणलेला. डबी खळीच्या वर चढलेली. माझ्या डोक्यात जुना किडा वळवळला. न सांगता कुणीतरी आणखी गाठ मारलेली.

"शिव्या!" मी ओरडलो. "परत हात लावलास? परत दोरा आखडलास?"

शिवा घाण्यावरून उतरून धावत आला. मानेमागं बघितलं. गाठी मोजल्या असाव्यात. मग त्याची बोटं तिथंच थांबली, आणि तो हसायला लागला. हसता हसता त्यानं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"दोऱ्याला कुनी हात लावला न्हाय अण्णा," तो म्हणाला. "तुमी भरलाय."

आणि वाकून त्यानं दातांनी एक गाठ सोडली.